माळ्यावरचा पाहुणा आणि गवंड्याची थापी

कोल्हापूरच्या मंगळवार पेठेतलं माझ्या मामाचं घर जुनं आहे. खाली दगडी जोतं, वर मंगलोरी कौलं आणि दोन्हींच्या मध्ये लाकडी तक्तपोशी. दोन वर्षांमागं फेब्रुवारीत रात्री साडेअकराच्या सुमारास त्या तक्तपोशीवर धप्प आवाज झाला. मग कुणीतरी निवांत चालत या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत गेलं. मामी अंथरुणातूनच म्हणाली, "उंदीर न्हवं ह्यो. उंदराला एवढं वजन नसतंय."

पाच-सहा रात्री असंच चाललं. मग मामानं एका पेस्ट कंट्रोलवाल्याला बोलावलं. तो दिवसभराची कामं उरकून रात्री आठला आला, बॅटरी मारून वळचणीखालचं भोक शोधलं, आत बघितलं, "काही नाही, रिकामं आहे" म्हणाला आणि सिमेंट थापून पैसे घेऊन गेला. त्या रात्री कुणीच झोपलं नाही. बाहेरून कौलं उचकटायचा आवाज येत होता आणि आतून बारीक, चिरकं ओरडणं. आई रात्रीची खायला बाहेर पडली होती, पिल्लं आत होती, आणि मधलं दार बंद झालं होतं.

मामानं शिडी लावली, चार कौलं सरकवली. आत जुन्या वाकळेच्या घडीत तीन करडी पिल्लं होती. कांडेचोर. पुस्तकात उदमांजर म्हणतात. लांब शेपटी, डोळ्याभोवती काळा मुखवटा घातल्यासारखा चेहरा, फळं खाणारा आणि रात्रीच हिंडणारा प्राणी. इंडोनेशियात याच जातीच्या प्राण्याच्या विष्ठेतून वेचलेल्या बियांची कॉफी जगभर चढ्या भावानं विकली जाते. आमच्याकडं त्याच मालाला मामी "छपरावरची घाण" म्हणते.

घरात, दुकानात, गोडाऊनमध्ये शिरलेला रानातला जीव बाहेर कसा काढायचा हे सांगताना मी नेहमी या रात्रीपासून सुरुवात करतो. कारण या कामाबद्दल बहुतेकांच्या डोक्यात असलेली कल्पनाच उलटी आहे. आपल्याला वाटतं, काम म्हणजे पकडणं: पिंजरा, हुक, जाळं, गोणी. खरं तर पकडणं हा या कामाचा सगळ्यात छोटा भाग आहे, आणि पुष्कळदा त्याची गरजच पडत नाही. बाकीचं सगळं काम गवंड्याचं आहे.

तो आलाच कशाला?

कुठलाही प्राणी घरात तीनच गोष्टींसाठी येतो: खायला, लपायला किंवा पिल्लं घालायला. रंकाळ्याच्या बाजूला बंगला असो, लक्ष्मीपुरीतलं धान्याचं दुकान असो की शिरोलीच्या एमआयडीसीतली फौंड्री, हिशोब हाच. धान्य आहे म्हणून उंदीर आहे, उंदीर आहे म्हणून धामण आहे. आता धामण उचलून नेली, तर काय होईल? उंदीर वाढतील आणि महिन्याभरात दुसरा साप येईल. यावेळी कदाचित नाग.

म्हणून "पकडा आणि दाजीपूरच्या जंगलात नेऊन सोडा" हा आपल्याकडचा लाडका उपाय दोन्ही बाजूंनी फसतो. घराकडून बघा: जागा रिकामी झाली, पण भोकही तिथंच आणि खाणंही तिथंच. नवा भाडेकरू येतोच. प्राण्याकडून बघा: त्याला आपला इलाखा पाठ असतो. पाणी कुठं, उन्हात पडायची जागा कुठं, कुत्री कुठल्या गल्लीत. अनोळखी जंगलात सोडला की त्याला यातलं काहीच माहीत नसतं आणि तिथं त्याच्याच जातीचे जुने मालक बसलेले असतात. लांब नेऊन सोडलेल्या सापांवर जगात बऱ्याच ठिकाणी अभ्यास झाले आहेत. असे साप खूप भटकतात आणि त्यांच्यात मरण्याचं प्रमाण वाढतं, असंच त्यांतून बहुतेक वेळा दिसलं. आपण हात जोडून "जा बाबा सुखानं" म्हणतो, आणि तो पुढच्या काही आठवड्यांत उपाशी किंवा गाडीखाली मरतो. आपल्याला ते दिसत नाही, एवढंच.

याच्या जोडीला एक अदृश्य गोष्ट आहे. फार वेळ पाठलाग केला, दोऱ्या टाकल्या, आरडाओरडा केला, की प्राण्याच्या अंगातले स्नायू अक्षरशः आतून फाटायला लागतात, रक्तात आम्ल वाढतं, आणि वरून एकही जखम नसताना तो काही तासांनी किंवा काही दिवसांनी मरतो. २०२० च्या डिसेंबरात पुण्यात कोथरूडला आलेला गवा आठवत असेल. कित्येक तास गर्दी त्याच्या मागं होती. पकडला, आणि मेला.

कायदा "शिकार" कशाला म्हणतो

वन्यजीव संरक्षण अधिनियम १९७२ चा. त्यात २०२२ मध्ये मोठी दुरुस्ती झाली आणि ती १ एप्रिल २०२३ पासून लागू झाली. सामान्य माणसानं त्यातली एकच गोष्ट नीट लक्षात ठेवली तरी पुरे: कायद्यात "शिकार" म्हणजे फक्त बंदूक नाही. संरक्षित प्राणी पकडणं, सापळ्यात अडकवणं, आमिष लावणं, हुसकत नेणं, विष घालणं, हे सगळं शिकारीत येतं. तसा प्रयत्न करणंसुद्धा. पक्ष्यांची आणि सरपटणाऱ्यांची अंडी फोडणं, घरटी विस्कटणं हेही त्यात येतं. म्हणजे मामानं पिंजरा लावून कांडेचोर धरून कळंब्याला नेऊन सोडलं असतं, तर त्याच्या मनात कितीही दया असो, कागदावर ती शिकारच ठरली असती. पकडायचंच असेल तर ते काम वनविभागाचं, किंवा वनविभागाला माहीत असलेल्या माणसाचं.

दुरुस्तीनंतर नाग, घोणस आणि धामण हे अनुसूची १ मध्ये गेले, म्हणजे वाघ-बिबट्याच्या पंगतीत. त्यांच्या बाबतीत गुन्हा शाबित झाला तर कमीत कमी तीन वर्षं, जास्तीत जास्त सात वर्षं कैद आणि किमान २५ हजार रुपये दंड. जीव वाचवण्यासाठी, दुसरा मार्गच नसताना प्राणी मारला गेला, तर कायदा त्याला गुन्हा मानत नाही. पण कोपऱ्यात वेटोळं घालून बसलेल्या सापाला पाच जणांनी काठ्यांनी ठेचलं, तर त्याला स्वसंरक्षण म्हणता येत नाही.

घरातला उंदीर या यादीत नाही. भटक्या कुत्र्यांचे नियम वेगळे आहेत, तो विषय इथं नको.

वनविभागाचा राज्यभरासाठीचा मदत क्रमांक १९२६ आहे. साप दिसल्यावर शोधत बसू नका, आत्ताच फोनमध्ये साठवून ठेवा.

चार पायऱ्या, पण क्रम चुकवायचा नाही

आता पद्धत. आत कोण आहे ते आधी ओळखायचं. मग त्याची पिल्लं आहेत का ते बघायचं. मग त्याला स्वतःहून बाहेर जाऊ द्यायचं. आणि तो गेल्याची खात्री झाल्यावरच भोक बुजवायचं. पेस्ट कंट्रोलवाल्यानं थेट चौथी पायरी गाठली आणि आमच्या घरी ती रात्र झाली.

ओळखायला महागडा कॅमेरा लागत नाही. घरात रांगोळी असतेच. संशयाच्या जागी, भोकासमोर, माळ्याच्या फळीवर रांगोळीचा पातळ थर चाळणीनं पसरायचा. सकाळी पावलं वाचायची. उंदराची नखाएवढी, आणि बऱ्याचदा मधून शेपटीची ओढलेली रेघ. मांजराचे चार बोटांचे गोल ठसे, नखं न उमटलेले. कांडेचोराला पाच बोटं असतात. सापानं थर नुसता पुसल्यासारखा होतो. वटवाघळं असतील तर रांगोळीवर काहीच नसतं, पण भिंतीच्या कडेला काळ्या तांदळाच्या दाण्यांसारखी लेंडी पडते. ती चिमटीत धरली तर भुगा होते, कारण ती किड्यांच्या पंखांचीच बनलेली असते. उंदराची लेंडी अशी चुरत नाही. अर्थात हे हातमोजा घालून.

वेळही सांगतेच. दिवसा खुडबुड असेल तर खार किंवा पक्षी. दिवस मावळताना फडफड असेल तर वटवाघूळ. मध्यरात्री वजनदार पावलं असतील तर कांडेचोर किंवा बोका. काही जण सांगतात की कांडेचोर असलेल्या घरात रात्री सुवासिक तांदूळ शिजल्यासारखा वास येतो. मामी म्हणते, आमच्याकडं तर आंबेमोहराचा यायचा. माझ्या नाकाला कधी आला नाही.

भोक वापरात आहे की नाही हे बघायला रद्दी पुरते. वर्तमानपत्राचा सैल बोळा भोकात अडकवून ठेवायचा. आतला किंवा बाहेरचा प्राणी तो सहज ढकलतो. ओळीनं तीन रात्री बोळा जागचा हलला नाही, तर जागा रिकामी धरायला हरकत नाही. पण अगदी लहान पिल्लांना तो बोळा ढकलता येत नाही. म्हणून बोळ्याच्या जोडीला कानही लावायचा.

पिल्लं असतील तर दोन मार्ग. एक म्हणजे थांबणं. कांडेचोराची पिल्लं साधारण दोन महिन्यांत आईच्या मागं हिंडायला लागतात. कबुतराची अंडी १८ दिवसांत फुटतात आणि पिल्लू महिन्याभरात उडतं. दुसरा मार्ग म्हणजे आईला जागा नकोशी करणं. सस्तन प्राण्यांच्या माद्यांना बहुधा एकापेक्षा जास्त लपणं ठाऊक असतात. अंधारी, शांत जागा उजेडी आणि गोंगाटी झाली, की ती पिल्लांना मानेला धरून एकेक करून हलवते. आमच्याकडं वनरक्षक येऊन बघून गेले, पिल्लांना हात लावू नका म्हणाले. मग मामानं तक्तपोशीत एक बल्ब सोडला आणि खाली रेडिओ लावला. आकाशवाणी रात्री बंद व्हायची, म्हणून पुढं मोबाइलवर बातम्या चालू ठेवल्या. बातम्यांचा परिणाम झाला की बल्बचा, देव जाणे. तिसऱ्या रात्री दीड वाजता मी अंगणातून बघितलं: कौलांच्या पाखीवरून ती तोंडात पिल्लू घेऊन खाली वाकली, फणसाच्या फांदीवर उतरली, आणि बारा-पंधरा मिनिटांनी रिकाम्या तोंडानं परत आली. तीन फेऱ्या. चौथ्यांदा आली ती नुसतीच आत डोकावून गेली, मोजून बघितल्यासारखी.

पिल्लं नसतील तर एकतर्फी दार लावतात. नाव मोठं, वस्तू साधी: भोकावर वरून टांगलेली पत्र्याची किंवा जाळीची हलती झडप. आतून ढकलली की उघडते, बाहेरून ओढता येत नाही. प्राणी रात्री नेहमीसारखा बाहेर पडतो आणि पहाटे आला की दार बंद. तो दुसरी जागा शोधतो. त्यानं आपल्याला पाहिलं नाही, आपण त्याला हात लावला नाही.

वटवाघळं, पारवे, मधमाश्या

वटवाघळांसाठी हीच युक्ती जाळीनं करतात. छोटी, किडे खाणारी वटवाघळं बोटभर फटीतूनही आत जातात. जुन्या वाड्यांत, शाळांच्या छपरांत, मंगल कार्यालयांच्या फॉल्स सीलिंगमध्ये ती असतात. आधी दिवेलागणीला खाली खुर्ची टाकून बसायचं आणि ती कुठल्या कुठल्या फटीतून निघतात ते मोजायचं. मुख्य फट सोडून बाकी सगळ्या बुजवायच्या. मुख्य फटीच्या वर आणि दोन्ही बाजूंना बारीक जाळी पक्की करायची, ती फटीखाली हात-दीड हात लोंबू द्यायची आणि तळ उघडा ठेवायचा. बाहेर पडणारं वटवाघूळ भिंतीवरून खाली सरकतं आणि तळातून उडून जातं. परत येताना मात्र ते नेहमीच्या फटीशीच येऊन टेकतं, आणि तिथं जाळी असते. आठवडाभर जाळी ठेवून मग फट बुजवायची. उन्हाळा आणि पावसाळ्याची सुरुवात, म्हणजे पिल्लं अंगाला चिकटलेली असण्याचे महिने, टाळायचे.

खोलीत एकटं वटवाघूळ शिरलं तर पंखा बंद, दिवा बंद, खिडकी सताड उघडी आणि आपण बाहेर. झाडू घेऊन मागं लागलं की ते पंख्यात सापडतं. नुसत्या हातानं कधीच धरू नका. वटवाघूळच काय, कुठलाही सस्तन प्राणी चावला किंवा ओरबाडला तर जखम साबण लावून वाहत्या पाण्याखाली पंधरा मिनिटं धुवायची आणि रेबीजच्या लशीसाठी दवाखाना गाठायचा. लेंडी झाडताना आधी पाणी शिंपडायचं, तोंडाला मास्क लावायचा. कोरडी धूळ फुप्फुसात जाते, भीती तिचीच असते. वटवाघळांतून पसरणाऱ्या निपाह विषाणूचं नाव ऐकून झाडं तोडायला निघणाऱ्यांना काय सांगावं? महाबळेश्वरच्या एका गुहेतल्या वटवाघळांच्या २०२० सालच्या नमुन्यांत पुण्याच्या राष्ट्रीय विषाणू संस्थेला (एनआयव्ही) निपाहच्या खुणा आढळल्या, हे खरं. पण वस्ती उधळली की वटवाघळं पांगतात आणि घाबरलेली, ताणाखालची वटवाघळं आणखी दहा घरांजवळ जातात. उष्टी फळं न खाणं हा त्यापेक्षा कितीतरी सोपा उपाय आहे.

पारव्यांबद्दल थोडक्यात. जाळी ताणलेली हवी. सैल जाळीत पाय अडकून पक्षी उलटा लटकतो, आणि तो मेला की तुमच्या बाराव्या मजल्यावर कोण चढणार? काड्या गोळा व्हायला लागल्या की त्याच दिवशी काढा, अंडी घातल्यावर थांबावंच लागतं. कारखान्याच्या शेडमध्ये कैचीवर बसायला सपाट जागाच ठेवू नका, तिरका पत्रा मारा. आणि खाली रोज मूठभर ज्वारी टाकणारा वॉचमन असेल, तर आधी त्याच्याशी बोला.

आग्या मोहोळ टाकीखाली लागलं की लोक रात्री पेटता बोळा घेऊन जातात. यात माणसं मेली आहेत. आग्या माश्या ऋतूप्रमाणं स्थलांतर करतात. फुलांचा हंगाम सरला की पोळं सोडून आपण होऊन निघून जातात, त्यामुळं जाण्यायेण्याच्या वाटेपासून लांब असेल तर नुसतं थांबणं पुरतं. भिंतीच्या पोकळीत लागतात त्या बहुधा सातेरी माश्या. त्या पेटीत घेता येतात, आणि हे काम जाणणारी माणसं आपल्याच जिल्ह्यात आहेत. भुदरगड तालुक्यातलं पाटगाव मधाचं गाव म्हणून ओळखलं जातं ते उगाच नाही. भिंतीत औषध फवारून माश्या मारल्या, तर आतलं पोळं तसंच राहतं. राखण करायला कुणी नाही म्हटल्यावर मध वितळून भिंतीतून पाझरतो, आणि मग मुंग्या, झुरळं, त्यांच्या मागं पाली. एका घरी मी पलंगाच्या डोक्याशी मधाचा ओघळ पाहिला आहे.

साप

कोल्हापुरात सापाचा हंगाम पाण्याबरोबर येतो. राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगेची इशारा पातळी ३९ फूट, धोका पातळी ४३. पाणी त्या आकड्यांकडं सरकायला लागलं की नदीकाठच्या बिळांतले सगळे रहिवासी आपल्यासारखेच उंच जागा शोधतात. २०१९ आणि २०२१ च्या महापुरात घरं साफ करायला परतलेल्यांना कपाटाखाली, मोरीत, गादीच्या घडीत साप सापडले. दुसरा हंगाम ऊसतोडीचा. उसाचा फड म्हणजे वर्षभर उभं असलेलं जंगल, आणि ते चार दिवसांत भुईसपाट होतं. मग आतले साप, कोल्हे, रानमांजरं शेजारच्या वस्तीत येतात. फडात मांजरासारखी ठिपक्यांची पिल्लं दिसली तर उचलून घरी आणू नका. ती रानमांजराची, वाघाटीची किंवा बिबट्याची असतात आणि आई जवळच असते. वनविभाग ती त्याच जागी ठेवून आईची वाट बघतो, आणि ती बऱ्याचदा रात्रीत येऊन नेतेही.

घरात साप दिसला की पहिलं काम म्हणजे तो नजरेआड होऊ न देणं. एकानं सात-आठ फुटांवर उभं राहून नुसतं बघत राहायचं. दुसऱ्यानं पोरं आणि कुत्रं बाहेर न्यायचं, आतल्या खोल्यांची दारं लावून खालच्या फटीत ओलं फडकं कोंबायचं, आणि फोन करायचा. बाहेरचं दार उघडं असेल तर निम्म्या वेळा तो तेवढ्यात निघून जातो. फिनेल, लसूण, गंधक, कार्बोलिक यांनी साप दूर राहत नाही. उलट फिनेल अंगावर ओतल्यानं बिथरतो, आणि सांदीत शिरतो, जिथून काढणं आणखी अवघड.

विषारी चार लक्षात ठेवा: नाग, मण्यार, घोणस, फुरसं. घोणस कुकरच्या शिट्टीसारखी फुस्स करते, ते एकदा ऐकलेला माणूस विसरत नाही. घोळ होतो तो मण्यार आणि बिनविषारी कवड्या सापात. दोन्ही काळसर, दोन्हींवर पांढरे पट्टे. कवड्याचे पट्टे मानेपासून ठळक सुरू होऊन शेपटीकडं पुसट होतात, मण्यारीचे डोक्यामागं बरंच अंतर सोडून सुरू होतात आणि शेपटीकडं स्पष्ट होत जातात. हे वाचून कुणी वाकून खात्री करायला जाऊ नये. ते सर्पमित्राचं काम. मण्यार रात्री फिरते, जमिनीवर झोपलेल्या माणसाला चावते आणि दंश फारसा दुखतही नाही. पोटात कळ, पापण्या जड, एवढ्यावरच सकाळ होते. म्हणून पावसाळ्यात खाट आणि गादीखाली खोचलेली मच्छरदाणी. चावलाच तर दोरी आवळू नका, चिरा मारू नका, साप मारून सोबत नेऊ नका. हातपाय न हलवता माणसाला थेट कोल्हापूरच्या सीपीआर रुग्णालयात किंवा जवळच्या सरकारी रुग्णालयात न्या. आपल्याकडची प्रतिविषाची लस या चारही सापांवर चालते, त्यामुळं साप कुठला हे कळलं नाही म्हणून उपचार अडत नाहीत.

आणि सर्पमित्राबद्दल स्पष्ट बोलायला हवं. चांगला सर्पमित्र येतो, हूक आणि पिशवी काढतो, पाच मिनिटांत साप पिशवीत, वनविभागाला नोंद, आणि त्याच दिवशी जवळपासच योग्य जागी सुटका. फणा काढलेल्या नागाबरोबर सेल्फी काढू देणारा, गळ्यात घालून गल्लीतून मिरवणारा, बरणीत भरून घरी नेणारा, यांना पुन्हा बोलावू नका. त्यांच्याकडं दहा हजार फॉलोअर असले तरी.

उंदीर, आणि गोडाऊनवाल्यांसाठी

मार्केट यार्डातल्या गुळाच्या अडतीत किंवा किराणा गोडाऊनमध्ये सगळ्या साखळीचं मूळ उंदरात असतं, म्हणून सगळ्यात जास्त खर्च तिथं करा. पेन्सिल जाईल एवढ्या फटीतून बारका उंदीर आत येतो, अर्ध्या-पाऊण इंचातून मोठा. शटरखाली रबरी पट्टी. पाइपभोवतीच्या गोल फटीत आधी भांडी घासायची तारेची घासणी कोंबायची आणि वरून सिमेंट. नुसता फोम मारला तर तो दोन रात्रींत कुरतडून मोकळा होतो. पोती भिंतीपासून हातभर लांब आणि लाकडी चौकटीवर, म्हणजे मागं झाडू फिरतो आणि लेंडी दिसते. भंगाराचा ढीग शेडच्या भिंतीला टेकलेला नको. थंडीत साप तिथंच बसतात.

चिकटपट्टी वापरू नका. उंदीर तिच्यावर तासन्‌तास जिवंत ओरडत राहतो, आणि उंदराबरोबर पाली, चिमण्या, कवड्या सापही चिकटतात. चिकटलेला साप सोडवायला खाद्यतेल चोळावं लागतं, ते मी होताना पाहिलं आहे, करमणूक नाही ती. विषाची वडी खाऊन उंदीर लगेच मरत नाही. तो दोन-चार दिवस झिंगल्यासारखा उघड्यावर फिरतो आणि गव्हाणी घुबड त्याला आयतं उचलतं. मग ते विष घुबडाच्या पोटात. फुकट काम करणारा नोकर आपणच मारला. मारायचंच असेल तर एका फटक्यात मारणारा स्प्रिंगचा सापळा त्यातल्या त्यात बरा.

माकडांवर मात्र गवंड्याचा इलाज चालत नाही. पन्हाळ्यावर किंवा जोतिबाला प्रसाद हिसकावणारं माकड आपणच शिकवून तयार केलंय. हातात पिशवी दाखवायची नाही, डोळ्यात बघायचं नाही, दात दाखवून हसायचं नाही, कारण त्याच्या भाषेत ती धमकी असते. आणि गवा, बिबट्या वस्तीत आला तर आपलं एकच काम: फोन करून घरात बसणं. पुण्याच्या गव्यानंतर वर्षभरानं कोल्हापूरलगतही गवा उतरला, गर्दी जमली, आणि तिथं माणसाचा जीव गेला.

मामाच्या घराचं पुढं असं झालं. पिल्लं हलल्यावर तीन रात्री रांगोळी कोरी राहिली, बोळा हलला नाही. चौथ्या दिवशी गवंडी आला. अर्ध्या इंची चौकटीची वेल्डमेश जाळी कापून वळचणीच्या सगळ्या फटींना आतून खिळली, वर सिमेंटचा हात दिला, फुटलेली अकरा कौलं बदलली. घरावर टेकलेली फणसाची फांदी मामानं छाटली. उतरताना गवंड्यानं पाखीच्या कोपऱ्यातून सूपभर वाळलेली घाण खाली आणली. मामीनं काडीनं उकरून बघितलं तर सगळ्या काळ्या, चकचकीत चिक्कूच्या बिया. आमच्या दारात चिक्कू नाही. चिक्कू आहे तो पलीकडच्या काकूंच्या परसात, आणि त्या सबंध महिनाभर गल्लीतल्या पोरांच्या नावानं शंख करत होत्या. मामीनं ते सूप तसंच्या तसं नेऊन त्यांच्या ओट्यावर ठेवलं.

"काय हो हे?" काकूंनी विचारलं.

"तुमचे चिक्कू," मामी म्हणाली. "परत आणून दिले."